स्पर्धेला गाणं पाठवताय? आधी फॉर्म वाचा!

आजचा एपिसोड स्वतःच लिहिणाऱ्या, चाल लावणाऱ्या आणि गाणाऱ्यांसाठी. "काही सुचतच नाही" हे मी सारखं ऐकते. माझा साधा उपाय: एखाद्या स्पर्धेची शेवटची तारीख भिंतीवर चिकटवायची. तारीख डोक्यावर असली की एसटीतसुद्धा मुखडा सुचतो. सुचला की लगेच फोनवर रेकॉर्ड करायचा.

पण पाठवण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. आपण ज्याला एक गाणं म्हणतो, त्यात कायद्याने तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. नोंदणी केली नसली तरी ते असतातच. चाल मित्राची असेल, तर त्याला विचारूनच पाठवा.

आता फॉर्म. 'स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी गाणं वाजवू' असं असेल तर ठीक. 'सर्व हक्क आयोजकांकडे' असं असेल, तर थांबा! बक्षिसाच्या रकमेत तुमचं गाणंच विकत घेतलं जातंय. २०१२च्या कायदादुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आयोजकांना लिहून घेता येत नाही. पण बाकीचे हक्क एका सहीने जाऊ शकतात.

फीसुद्धा बघा. अमेरिकेत नॅशव्हिलहून 'इंटरनॅशनल साँगरायटिंग कॉम्पिटिशन' चालवली जाते, तिथे प्रत्येक एन्ट्रीचे पैसे पडतात. म्हणून पाच कच्च्या गाण्यांपेक्षा एक पक्कं पाठवा.

बक्षीस मिळो न मिळो, गाणं तुमच्याच नावावर राहू दे. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!