नभोवाणीवरील ग्रामीण विनोद व सोलापूरकडील श्रोते

जुन्या कागदांच्या संग्राहकांस विनोदाचें साधन म्हणून कांहीं जपून ठेवावें असें सहसा वाटत नाहीं. सनद, महजर, करीना, कैफियत यांस दप्तरांत मानाची जागा मिळते. परंतु चावडीपुढें बसून लोक कशास हंसले हें सांगणारा कागद रद्दींत जातो. नभोवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांतून जो विनोद एका पिढीनें ऐकला, त्याची अवस्था याहूनहि बिकट आहे. कारण तो बहुतांशीं बोलला जातांच हवेंत विरला. मागें राहिले असतील ते त्याचे टांचणाचे कागदच. म्हणून हा विषय त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कालनिर्णय. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. पुण्याचें केंद्र १९५३ सालचें. सोलापूर जिल्ह्यास स्वतःचें केंद्र फार पुढें मिळालें. तोंपर्यंत तेथील श्रोता दुसऱ्या गांवाहून येणाऱ्या आवाजावर अवलंबून असे. त्यांतहि एक विशेष होता. जिल्ह्याच्या सीमेस निजामाची हद्द भिडलेली, आणि त्या संस्थानाची नभोवाणी उर्दूबरोबर मराठी, तेलुगु व कानडी भाषांतूनहि बोलत असे. ती १९५० सालीं भारत सरकारच्या आकाशवाणींत सामील झाली. मध्यम लहरी रात्रीं दूरवर जातात, हें ध्यानीं घेतलें म्हणजे मराठी, कानडी, तेलुगु व दखनी बोलणाऱ्या या शहराच्या कानावर किती दिशांनीं शब्द येऊं शकत, याची कल्पना येईल.

आतां विनोदाच्या कुळाविषयीं. नभोवाणीवरील ग्रामीण संवाद हा पाश्चात्त्य नमुन्यावरून घेतलेला प्रकार, असें कित्येक मानतात. आम्हांस तें मान्य नाहीं. गण व गौळण झाल्यावर तमाशांत जी बतावणी होते तींत एक शहाणा व एक वेड पांघरलेला असे दोघे असतात. शहाणा सांगतो, सोंगाड्या शब्दाचा विपरीत अर्थ घेतो, आणि त्या विपरीतपणांतूनच खरें काय तें बाहेर पडतें. नभोवाणीवर अंगविक्षेप दिसत नाहींत, नाच दिसत नाहीं, ढोलकीहि मर्यादेंतच वाजते. उरतो तो केवळ शब्दाचा खेळ. म्हणजे बतावणी हेंच तमाशाचें असें अंग कीं जें ध्वनिक्षेपणांत जवळजवळ अखंड टिकावें. उदाहरण आम्हींच रचून देतों: शेतकी अधिकारी ‘बंडिंग करा’ म्हणून सांगतो, आणि ऐकणारा विचारतो, ‘साहेब, सगळ्या गांवाला बंडी कोण शिवून देणार?’ या थट्टेखालीं ताली घालण्याचा खर्च कोणीं सोसावा हा प्रश्न दडलेला आहे. १९३३ पासून सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन चालू होतें, तेव्हां तेथील श्रोत्यास असा प्रश्न नवा नव्हता.

सोलापुरास हें कूळ परकें म्हणतां येणार नाहीं. पेशवाईच्या उत्तरकाळचा शाहीर राम जोशी सोलापूरचाच. शाहीर अमर शेख बार्शीचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे कर्ते वसंत सबनीस यांचा जन्महि सोलापूरचा.

तमाशाचा विनोद कागदावर कसा उतरला, याचा विचार हस्तलिखितांच्या अभ्यासकांनीं अवश्य करावा. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली, आणि पुढें सुधारणेसाठीं समिति नेमली. तिचे अध्यक्ष महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार, म्हणजे इतिहाससंशोधकांपैकींच एक! प्रयोगापूर्वीं संहिता तपासून घेण्याची पद्धति येथून रूढ झाली. नभोवाणींतहि मजकूर आधीं लिहून मंजूर करून घ्यावा लागे. जो सोंगाड्या ऐन वेळीं सुचेल तें बोलत असे त्याच्या तोंडचे शब्द अशा रीतीनें कागदावर आले. नियंत्रणानें विनोदाची धार बोथट झाली ही तक्रार खरी असेल. पण त्याच नियंत्रणानें कागद निर्माण केला, हें संग्राहकानें विसरूं नये.

पुणें केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांचें काम १९५५ पासून व्यंकटेश माडगूळकर यांजकडे आलें. त्यांचें माडगूळ हें गांव माणदेशांतलें, आणि सांगोल्याकडील मुलूखहि त्याच माणदेशाचा शेजार. शंकर पाटील हेहि कांहीं काळ त्याच केंद्रावर होते. या दोघांच्या जोडीनें कथाकथन करणारे द. मा. मिरासदार यांचा जन्म १९२७ सालीं अकलूज येथें झाला व शिक्षण पंढरपुरास. त्यांच्या भोकरवाडींतील गणामास्तर, नाना चेंगट, बाबू पैलवान ही मंडळी चावडीवर बसून जें बोलतात तें डोळ्यांनीं वाचण्यापेक्षां कानांनीं ऐकण्याचें वाङ्मय आहे. लेखकास अगोदर श्रोता दिसला व मग वाचक, असें त्यांच्या वाक्यांची ठेवण पाहून आम्हांस वाटतें.

श्रोत्यांविषयींचें सर्वांत भक्कम साधन १९५६ सालचें आहे. त्या वर्षीं युनेस्कोच्या साह्यानें मुंबई राज्याच्या पांच मराठी जिल्ह्यांतील १५० गांवीं पुणें केंद्रावरून प्रयोग झाला. आठवड्यांतून दोनदां, दहा आठवडे, प्रत्येकीं अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. गांवकऱ्यांच्या मंडळानें एकत्र बसून ऐकावें, चर्चा करावी व ठरेल तें अमलांत आणावें अशी योजना होती. भाषणांबरोबर संवाद व नाट्येंहि त्यांत होतीं. त्याचा परिणाम टाटा समाजविज्ञान संस्थेनें तपासला. हसें कोठें पिकलें याची मोजदाद करणें हा कांहीं त्या तपासणीचा हेतु नव्हता. तथापि सामुदायिक श्रवण कसें चाले हें त्यावरून कळतें. एक यंत्र, एक बाज, भोंवतीं सारा गांव. एकजण हंसला कीं शेजारचा हंसे, आणि वाक्य ज्याच्या कानावरून निसटलें त्याला तें दुसरा सांगे. पुढें ट्रान्झिस्टर आला व श्रवण चावडीवरून बांधावर गेलें. तेव्हां एकट्यानें हंसण्याची रीत पडली.

एक शल्य मात्र बोलून दाखविलें पाहिजे. नभोवाणीवरील ‘ग्रामीण’ बोली ही मुख्यतः सातारा, कोल्हापूर व माणदेश यांकडची. कानडी हेल व तेलुगु शब्द मिसळलेली सोलापूरची गिरणगांवची बोली, किंवा अक्कलकोटाकडची मराठी, तींत क्वचितच उमटली. सोलापूरकर हंसला, पण बहुधा दुसऱ्याच्या बोलीवर हंसला. भाषेच्या इतिहासकारास ही उणीव मोठी आहे. कारण ती बोली आतां त्याच रूपांत ऐकूं येत नाहीं.

ही उणीव थोडीबहुत भरून काढील असें साहित्य अद्याप घरोघर असूं शकेल. कलावंतांच्या व लेखकांच्या घरच्या संहितांच्या प्रती, त्यांवरील खोडलेलीं वाक्यें, समासांत लिहिलेल्या वेळा, ‘दि इंडियन लिसनर’ या नभोवाणीच्या नियतकालिकाचे जुने अंक, आणि पोस्टांत पैसे भरून घेतलेल्या नभोवाणी परवान्याच्या पुस्तिका. या शेवटच्या वस्तूकडे कोणी लक्ष देत नाहीं. परंतु तींत यंत्रधारकाचें नांव, गांव व वर्ष हीं तिन्ही एकत्र सांपडतात. आणि कोणत्या पेठेंत, कोणत्या खेड्यांत, कोणत्या सालीं आवाज पोंचला हें ठरविण्यास एवढें पुरेसें होतें. खोडलेलीं वाक्यें मात्र खोडलेलींच नकलून घ्यावीं. शुद्ध प्रत करण्याच्या मोहानें तीं गाळलीं, तर तपासणाऱ्याच्या लेखणीनें श्रोत्यांपासून काय काढून घेतलें तें कळण्याचा मार्ग उरणार नाहीं.