घरी यायलाही परवानगी लागते

परदेशात मुदत संपून अडकलेल्या माणसाच्या घरच्यांना एकच सुचतं: तिकिटाचे पैसे पाठवू, येईल तो. माझ्या ई-सेवा केंद्रात हे मी कितीदा ऐकलंय! तिकीट हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. विमानतळावरचा अधिकारी आधी विचारणार, कधी आलास, किती दिवसांची परवानगी होती, काय काम करत होतास? उत्तर नसेल तर विमान राहिलं बाजूला, कोठडीच नशिबी यायची. बेकायदा राहिलेल्याला अनेक ठिकाणी देश सोडण्यासाठीही त्या देशाची परवानगी काढावी लागते.

2018 मध्ये आपल्या भागातली काही पोरं मलेशियाच्या तुरुंगात अडकल्याच्या बातम्या आल्या होत्या. सांगितली होती नोकरी, व्हिसा निघाला पर्यटकाचा. त्यानंतर आमच्या इस्लामपुरात लोक थोडे बिचकले, पण जायचे थांबले नाहीत. उलट 1 डिसेंबर 2023 पासून मलेशियाने भारतीयांना 30 दिवस व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली आणि एजंटांचं फावलं. फिरायला म्हणून उतरवायचं आणि कामाला जुंपायचं.

2024 च्या पावसाळ्यात वाळवा तालुक्यातल्या एका गावातून एक मावशी आल्या. पोरगं आयटीआय झालेलं. ‘पॅकिंगचं काम, राहणं-खाणं फुकट’ म्हणून गेलं आणि क्वालालंपूरजवळच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागलं. पासपोर्ट तिथल्या माणसाने काढून घेतलेला. एजंटला दीड लाख दिले होते, त्याची पावती मावशींनी पिशवीतून काढली. वहीच्या पानावर लिहिलं होतं, ‘हातउसने मिळाले.’ नोकरीचं नाव नाही, मलेशियाचं नाव नाही.

“ताई, पोलिसात द्यायचं का त्याला?”

“देऊ की मावशी. पण आधी पोरगं आणू.”

पासपोर्ट नसलेल्याला आपला दूतावास ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो. भारतात परतण्यापुरता, एका प्रवासाचा कागद. पण त्यासाठी हा माणूस भारतीयच आहे, याची खात्री पटवावी लागते, आणि ती पटवणारे पुरावे सगळे इथे, घरातल्या पत्र्याच्या पेटीत असतात. मावशींकडे पासपोर्टची झेरॉक्स नव्हती. पण पासपोर्ट केंद्रात अर्ज दिल्यावर मिळालेली पावती सापडली, पार चुरगाळलेली, आणि तिच्यावर फाईल नंबर होता. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार जोडलं. परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकली. 2015 मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर घरच्या माणसालाही तक्रार नोंदवता येते, हे कितीतरी जणांना ठाऊकच नसतं. (2025 मध्ये आमच्या गावाचं नाव ईश्वरपूर करायचा निर्णय झाला. जुन्या पासपोर्टवर जन्मस्थान इस्लामपूर असेल, तर अशा अर्जात तसंच लिहायचं, पुढे काय ते स्पष्ट करायचं. अक्षर बदललं की कारकून अडतो.)

नशिबाने त्या वर्षी मलेशियाची परत पाठवणीची योजना 1 मार्चपासून 31 डिसेंबरपर्यंत चालू होती. मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्याने स्वतः इमिग्रेशन कार्यालयात जायचं, प्रवासाचा कागद आणि तिकीट दाखवायचं, 500 रिंगिट दंड भरायचा आणि निघायचं. खटला नाही. योजनेबाहेर पकडलं तर त्याच गुन्ह्याला किमान दहा हजार रिंगिट दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आखाती देशही अधूनमधून अशी सवलत देतात. कुवेत आणि संयुक्त अरब अमिरातींनी 2024 मध्येच दिली होती. अशा सवलतीचा वास लागला की ‘मी करून देतो’ म्हणणारा दुसरा एजंट उगवतो. मावशींनाही फोन आला, चाळीस हजार मागितले. मलेशियाने तर या कामाला कोणी मध्यस्थ नेमलाच नव्हता! मी फोन हातात घेऊन तेवढंच विचारलं, तर पलीकडून कट.

कागद जमले, तेव्हा पोरगंच अडलं.

“दीड लाख फिटल्याशिवाय कुठल्या तोंडानं येऊ, ताई?”

घरातलं सोनं तारण होतं. रात्री-अपरात्री पोलिसांना चुकवत राहायची त्याची तयारी होती, पण गावच्या पारावर बसायची नव्हती. त्याला मी ओरडले, समजावलं, शेवटी मावशींनी फोनवर रडून त्याला तयार केलं. माझ्या पोर्टलला जे जमत नाही ते असं.

रिकाम्या हातांनी परतणं अवघड असतं, हे युरोपात ओळखलंय. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना 1979 पासून स्वेच्छेने परतणाऱ्यांना मदत करते. जर्मनीतून सुरुवात झाली. कित्येक ठिकाणी तिकिटाबरोबर गावी काही सुरू करायला थोडं भांडवलही मिळतं. केरळचा नोर्का विभाग परत आलेल्यांना धंद्यासाठी कर्ज-अनुदान मिळवून देतो. आपल्या दूतावासांकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अगदी गरजू माणसाचं तिकीट, वकील, कधी दंडही त्यातून भरतात. पण तो निधी विमानतळापर्यंतचा. सोनाराकडचं व्याज त्यात कसं बसणार?

पोरगं दिवाळीआधी आलं. तिकीट मामाने काढलं. नंतर आम्ही एजंटविरुद्ध पोलिसांत द्यायची तक्रार लिहायला बसलो, तेव्हा ‘हातउसने’ने घोळ घातला. हा तर उसनवारीचा व्यवहार, असंच कुणीही म्हणेल. मग व्हॉट्सअ‍ॅपवरचे एजंटचे आवाजी निरोप, पगाराचे आकडे, विमानाचं तिकीट सगळं तारखेनिशी लावून दिलं.

खरं तर नोंदणीकृत एजंटला परदेशी नोकरीसाठी 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 35,400 पेक्षा जास्त घेताच येत नाहीत. आणि गावोगाव फिरणाऱ्या ‘सब-एजंट’ला कायद्यात जागाच नाही. दहावी नापासांना मलेशिया आणि आखातासह 18 देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते. दहावी पास झालेल्याला ती लागत नाही आणि ‘फिरायला’ जाणाऱ्याला तर कोणीच विचारत नाही. त्यामुळे आयटीआय झालेलं पोरगं कामाला गेलंय, याची नोंद कुठेच उरत नाही.

परवा तेच पोरगं आलं होतं. “ताई, कतारचं एक बघा की.” आता दम भरायला मावशी सोबत होत्या. मी सरकारचं ई-मायग्रेट पोर्टल उघडलं, त्याने आणलेल्या चिठ्ठीवरचा एजंटचा परवाना नंबर टाकला. नंबर खरा होता, पण कंपनी दुसऱ्याच नावाची.