दवाखान्यातील शब्द

दवाखान्यात कानांवर पडणारे काही शब्द आपल्याला विनाकारण घाबरवतात, तर काही खोटा धीर देतात. म्हणून त्यांचे अर्थ जाणून घेणे आवश्यक आहे.

व्यवहारात 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगले. तपासणीच्या अहवालात मात्र त्याचा अर्थ 'जे शोधले ते आढळले' असा होतो. हिवतापासाठी तपासलेल्या रक्ताचा अहवाल 'पॉझिटिव्ह' असेल, तर हिवताप झाला आहे, असे समजावे. 'निगेटिव्ह' म्हणजे त्या तपासणीत तो आढळला नाही.

'ॲक्यूट' आणि 'क्रॉनिक' हे शब्द प्रामुख्याने आजाराचा कालावधी दर्शवतात. अचानक उद्भवणारा आजार 'ॲक्यूट', तर दीर्घकाळ राहणारा आजार 'क्रॉनिक' म्हणजेच जुनाट होय. मधुमेह जुनाट असला, तरी आहार, व्यायाम व औषधे यांनी तो आटोक्यात ठेवता येतो.

शरीरातील गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे म्हणजे 'बायॉप्सी'. 'बिनाइन' गाठ कर्करोगाची नसते. 'मॅलिग्नंट' गाठ कर्करोगाची असते. त्यामुळे बायॉप्सी करण्यास सांगितले, म्हणजे कर्करोग झालाच, असे नव्हे.

रक्तदाब १२०/८० असा लिहितात. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, तर खालचा ते शिथिल होतानाचा दाब दाखवतो. उपचारानंतर रक्तदाब 'नॉर्मल' आला, की आजार गेला असे मानून अनेक जण गोळ्या सोडतात. वस्तुतः तो बहुधा गोळ्यांमुळेच आटोक्यात असतो. त्या परस्पर बंद केल्यास रक्तदाब पुन्हा वाढून पक्षाघाताचा धोका संभवतो.

एखादा शब्द समजला नाही, तर डॉक्टरांना त्याचा अर्थ अवश्य विचारावा. तो रुग्णाचा हक्कच आहे.