अर्ज घेऊन निघालेले सैनिक

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपान्यांकडून परत घेणाऱ्या सैन्यात भारतीय जवानांच्या जोडीला पश्चिम आफ्रिकेतील कृष्णवर्णीय सैनिकांच्या दोन डिव्हिजन होत्या, ८१वी व ८२वी. आराकानातील कलादान खोऱ्यात रस्ते नव्हते. विमानांतून टाकलेली रसद आणि दारूगोळा हमालांनी डोक्यावरून वाहिला. आपल्याकडील युद्धेतिहासांत त्यांचा उल्लेख ओझरताच येतो.

यांपैकी गोल्ड कोस्टचे, म्हणजे आजच्या घानाचे, सैनिक घरी परतले तेव्हा निवृत्तिवेतन आणि नोकऱ्यांची आश्वासने कागदावरच राहिली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ते निःशस्त्र, अर्ज घेऊन, अक्रा येथील ख्रिश्चनबोर्ग किल्ल्याकडे, गव्हर्नरच्या निवासाकडे निघाले. त्यांनी मंजूर मार्ग सोडला, हे खरे. पोलिसांच्या गोळीबारात सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टी ठार झाले. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसास येथे एकच प्रश्न सुचतो: अर्ज घेण्यास एखादा अधिकारी पुढे का धाडला गेला नाही?

शहर पेटले, एन्क्रुमांसह सहा नेते अटकेत गेले, वॉटसन आयोगाने घटनात्मक सुधारणा सुचविल्या आणि ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. दर २८ फेब्रुवारीला अक्रा येथे या तिघांच्या स्मृतीस पुष्पचक्र वाहिले जाते.