उंद्रीतला सदरा आणि समुद्र

महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि बुलढाणा जिल्हा शोधा. त्यात चिखली तालुक्यात उंद्री नावाचे गाव आहे. काळी जमीन, कपाशी, सोयाबीन आणि पावसाकडे लागलेले डोळे, असा हा मुलूख. येथून समुद्राचा सर्वांत जवळचा किनाराही सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अशा गावात समुद्राच्या रक्षणाची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण उंद्रीच्या अंगणात दोरीवर वाळणारा शाळेचा गणवेश आणि समुद्र यांचा संबंध आहे. तो कसा, ते क्रमाने पाहू.

पाणी जाते कोठे?

बुलढाणा जिल्ह्यात पाण्याला दोन वाटा फुटतात. नळगंगा, ज्ञानगंगा, मन या नद्या उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळतात. पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात शिरते. दुसरी वाट पैनगंगेची. ती बुलढाण्याजवळच अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. तिचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्यामार्फत थेट बंगालच्या उपसागरात पोचते. म्हणजे येथील ओढ्याचे पाणी कोणत्याही बाजूला वळो, त्याचा शेवट समुद्रातच.

या नियमाला जिल्ह्यात एक प्रसिद्ध अपवाद आहे, तो म्हणजे लोणारचे सरोवर. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या सुमारे १·८ किलोमीटर व्यासाच्या या खळग्यात झरे आणि पावसाचे पाणी येते, पण बाहेर वाहून जायला वाट नाही. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. म्हणून लोणारचे पाणी खारे झाले. थोडा विचार केलात तर समुद्र हेही पृथ्वीवरचे थोरले लोणारच आहे, हे तुमच्या ध्यानात येईल. नद्या त्यात जे जे आणून टाकतात, त्यातले पाणी वाफ होऊन ढगांतून परत येते. बाकीचे बहुतेक सारे तेथेच साठते.

आता नद्या त्यात काय नेऊन टाकतात ते पाहू.

टेरिलीनचा धागा

१९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला. तोच टेरिलीन या नावाने बाजारात आला. त्यात सूत मिसळून केलेले कापड म्हणजे टेरीकॉट. चुरगळत नाही, लवकर वाळते, वर्षानुवर्षे टिकते. शाळेच्या गणवेशांत ते घरोघर पोचले यात नवल नाही. आज जगात दरवर्षी तयार होणाऱ्या सर्व प्रकारच्या तंतूंपैकी निम्म्याहून अधिक तंतू एकट्या पॉलिएस्टरचे असतात.

पॉलिएस्टर हे बहुवारिक आहे, म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब साखळी. पाण्याच्या बाटल्याही याच पदार्थाच्या असतात. कापूस म्हणजे सेल्युलोज. तो पचविणारे जीवाणू कोट्यवधी वर्षांपासून पृथ्वीवर आहेत. पॉलिएस्टरच्या धाग्याशी मात्र त्यांची ओळख जेमतेम ऐंशी वर्षांची. म्हणून तो निसर्गात कुजत नाही म्हटले तरी चालेल. जो गुण दुकानात आपल्याला आवडतो, तोच पाण्यात गेल्यावर दोष ठरतो.

कपडे धुताना आपण ते घासतो, आपटतो, पिळतो. प्रत्येक वेळी धाग्यांची टोके तुटतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठात २०१६ साली धुलाईयंत्रातून निघणारे पाणी गाळून तंतू मोजले गेले. सहा किलो कपड्यांच्या एका धुलाईत अॅक्रिलिकच्या कापडातून सात लाखांहून अधिक, पॉलिएस्टरमधून सुमारे पाच लाख, तर पॉलिएस्टर आणि सूत यांच्या मिश्र कापडातून सुमारे एक लाख अडतीस हजार तंतू सुटतील, असा अंदाज निघाला. कापडाचा पोत, वीण, साबण यांनुसार हे आकडे बदलतात. पण ते लाखांत आहेत, हे महत्त्वाचे.

एका ग्रॅमचे गणित

आता वही-पेन्सिल घ्या. पॉलिएस्टरची घनता दर घन सेंटिमीटरला १·३८ ग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम पॉलिएस्टरचे घनफळ सुमारे ०·७२ घन सेंटिमीटर. त्याचा १५ मायक्रोमीटर जाडीचा तंतू काढला (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर), तर त्याची लांबी किती होईल? वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरून भागाकार करा. उत्तर सुमारे चार किलोमीटर येते! त्याचे एकेक मिलिमीटरचे तुकडे झाले तर ते चाळीस लाखांच्या घरात जातात. चिमूटभर वजन, पण संख्या केवढी!

दुसरा प्रश्न तरंगण्याचा. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १·०२५. पॉलिएस्टर त्याहून जड, म्हणून ते बुडणार. पण किती वेगाने? द्रवातून पडणाऱ्या सूक्ष्म कणाचा वेग लवकरच स्थिर होतो. त्याला अंतिम वेग म्हणतात, आणि स्टोक्सच्या नियमानुसार तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १५ मायक्रोमीटर व्यासाच्या पॉलिएस्टरच्या गोळीसाठी हिशेब केला, तर दिवसाला सुमारे चार मीटर एवढाच वेग येतो. चार किलोमीटर खोल समुद्राचा तळ गाठायला हजार दिवस! लांबट तंतूचा वेग याहून काहीसा निराळा असतो, पण कथा तीच: शेकडो दिवस तो पाण्यात लोंबकळत राहतो. या काळात छोटे जलचर त्याला अन्न समजून गिळतात.

ही नुसती कल्पना नव्हे. स्कॉटलंडच्या क्लाइड समुद्रातील लॉब्स्टरांची तपासणी २०११ साली प्रसिद्ध झाली. शंभरांतील ८३ जणांच्या पोटात प्लॅस्टिक होते, आणि त्यात बहुतेक धागेच. सुमारे अकरा किलोमीटर खोल असलेल्या मारियाना गर्तेतील कोळंबीसारख्या चिमुकल्या प्राण्यांच्या पोटातही असे तंतू सापडल्याचे २०१९ साली जाहीर झाले. जेथे सूर्यप्रकाश पोचत नाही, तेथे आपला कपडा पोचला आहे.

वाटेतले थांबे

उंद्रीत निघालेला प्रत्येक तंतू समुद्र गाठतो, असे मात्र समजू नका. शोषखड्डा असेल तर बरेच तंतू मातीत अडकतात. काही नदीच्या वाळूत रुततात, काही हतनूर, उकाई अशा धरणांच्या गाळात बसतात. पण हा मुक्काम कायमचा नसतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरातील नद्यांच्या तळाची पुराआधी आणि पुरानंतर तपासणी झाली. तळाशी साचलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकपैकी सुमारे ७० टक्के एका पूरहंगामात धुऊन गेले होते, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे तर पाऊस चार महिन्यांत एकवटलेला असतो.

मग सुती कपडा निर्दोष का?

बुलढाणा जिल्ह्याला कापूस नवा नाही. खामगावची बाजारपेठ कापसासाठी एवढी नावाजलेली होती, की जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा रेल्वेफाटा खास तिच्यासाठी टाकला गेला; १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. तेव्हा सुती कपड्याची बाजू घ्यावी, असे आपल्याला वाटणारच. पण विज्ञान नातेसंबंध पाहत नाही.

२०२० साली जगभरच्या समुद्रांच्या पृष्ठभागावरील तंतूंची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात कृत्रिम तंतू केवळ आठ टक्क्यांच्या आसपास निघाले. बहुतेक तंतू कापसासारखे वनस्पतिजन्य होते. सुती धागा कुजतो हे खरे, पण रंग आणि रसायनांचे लेप बसल्यावर तो सावकाश कुजत असावा. शिवाय कपाशीला दिलेल्या खतातील नत्र पावसाबरोबर नदीत जाते. समुद्रात त्यावर शेवाळ माजते, ते कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. म्हणून सुती कपडा पॉलिएस्टरपेक्षा बरा, पण फुकटचा नव्हे.

जुन्या बाटल्यांपासून केलेल्या कपड्यांचे काय? २०१५ साली भारतीय क्रिकेट संघाचा गणवेश अशाच कापडाचा होता; प्रत्येक गणवेशात सरासरी ३३ बाटल्या वापरल्याचे उत्पादकांनी सांगितले होते. यात खनिज तेल वाचते आणि कचरा कमी होतो, हा लाभ खरा आहे. पण बाटलीपासून झालेला धागाही पॉलिएस्टरच. धुताना त्याचेही तंतू सुटतात. ‘समुद्र वाचवा’ अशी चिठ्ठी कपड्याला शिवली म्हणून पाण्यातला तंतू विरघळत नाही.

करून पाहा

साहित्य: दोन स्वच्छ बादल्या, नवा अॅक्रिलिकचा स्वेटर किंवा पॉलिएस्टरची ओढणी, जुना टेरीकॉटचा सदरा, प्रयोगशाळेतील गाळणकागद, नरसाळे, भिंग किंवा सूक्ष्मदर्शक.

प्रथम नुसते पाणी गाळून कागद पाहा. नळाच्या पाण्यात आणि हवेतही तंतू असतात, ते आधी कळायला हवेत. मग दोन्ही कपडे वेगवेगळ्या बादल्यांत, सारख्याच पाण्यात, बिनसाबणाचे, पाच-पाच मिनिटे चोळा. प्रत्येक बादलीतले एक लिटर पाणी गाळा. कागद झाकून वाळवा, त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि दहा चौकटींतले तंतू मोजून सरासरी काढा. हाच प्रयोग त्याच कपड्यांवर पाच वेळा करा आणि आलेख काढा. प्रयोगाच्या वेळी स्वतः सुती कपडे घाला, कारण अंगावरच्या कपड्यांतूनही तंतू झडतात.

पहिल्या काही धुलायांत सर्वाधिक तंतू सुटतात आणि पुढे त्यांचे प्रमाण घटते, असे बहुतेक प्रयोगांत दिसले आहे. तुमचा आलेख काय सांगतो ते पाहा.

समुद्राला मानवणारा कपडा

यातून निघणारा निष्कर्ष दुकानाला फारसा आवडणार नाही. समुद्राला सर्वांत कमी त्रास देणारा कपडा म्हणजे तुमच्या अंगावर आधीपासून असलेला कपडा. त्याचे सुटे तंतू बरेचसे झडून गेलेले असतात आणि त्याच्यासाठी नवे तेल, नवे पाणी, नवे खत लागणार नाही. दोन वर्षांत टाकून द्यायचा सदरा चार वर्षे वापरला, तर त्या काळात एक सदरा कमी विणला जातो.

म्हणून उसवलेली शिवण घाला, थोरल्याचा गणवेश धाकट्याला द्या, फाटक्या लुगड्यांची गोधडी शिवा. गरज नसेल तेव्हा कपडा धुऊ नका. धुवायचाच तर थंड पाण्यात, कमी घासून धुवा. धुलाईयंत्र असल्यास ते पूर्ण भरून चालवा. त्याच्या जाळीतला लगदा मोरीत न टाकता कोरड्या कचऱ्यात टाका. सांडपाणी नाल्याऐवजी शोषखड्ड्यात सोडा. तंतू तेथे नष्ट होत नाहीत, पण पुराच्या हातीही सहजासहजी लागत नाहीत. आणि नवा कपडा घ्यावाच लागला, तर घट्ट विणीचा, टिकाऊ आणि शक्यतो सुती घ्या.

शिक्षकांनी एक करावे. वर्गातील प्रत्येकाच्या गणवेशाचे वय फळ्यावर लिहावे आणि त्याची सरासरी काढावी. पुढच्या वर्षी जूनमध्ये तीच सरासरी पुन्हा काढावी. ती वाढली, तर शाळेने समुद्रासाठी काही केले असे म्हणता येईल, मग ती शाळा समुद्रापासून कितीही दूर असो.