माओच्या नावानं मेले ते कोण?

माओवाद म्हटलं की मिरा-भाईंदरसारख्या शहरात दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात: चीनच्या पैशावर आणि शस्त्रांवर पोसलेली टोळी, नाहीतर आदिवासींसाठी जिवावर उदार झालेले तरुण. गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे या समजुती तपासून पाहायची वेळ सहसा कुणावर येत नाही. पहिलीचा निकाल लवकर लागतो. 1967मध्ये नक्षलबारीच्या उठावाचं पेकिंगच्या रेडिओनं आणि ‘पीपल्स डेली’नं तोंडभरून कौतुक केलं, इकडे चीनचे अध्यक्ष तेच आमचे अध्यक्ष, अशा घोषणा भिंतींवर रंगल्या. पण 1976मध्ये माओ गेले आणि चीननं वाट बदलली. आंध्रातल्या पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, 1980मध्ये सिरोंचाच्या बाजूनं आजच्या गडचिरोलीत शिरली. पुढच्याच वर्षी चिनी कम्युनिस्ट पक्षानं ठराव करून सांस्कृतिक क्रांती ही देशाची आणि पक्षाची 1949नंतरची सर्वांत मोठी हानी ठरवली. ज्या दुकानानं माल परत घेतला, त्याचीच पाटी आपल्याकडे नव्यानं लागत होती. दलमांच्या हातातल्या बंदुकाही बव्हंशी पोलिसांकडून लुटलेल्या किंवा गावठी बनावटीच्या.

दुसरी समजूत जास्त चिवट आहे, कारण तिच्यात सहानुभूती आहे. पण ज्यांच्या नावानं क्रांती झाली, मेले तेच, हे चीनमध्येही दिसतं आणि गडचिरोलीतही. 1958मध्ये ‘मोठी झेप’ जाहीर झाली. कार्यकर्त्यांनी पिकांचे फुगवलेले आकडे वर पाठवले, त्या आकड्यांप्रमाणे धान्य उचललं गेलं आणि गावं उपाशी राहिली. त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात, आणि त्यात बहुसंख्य शेतकरी. सांस्कृतिक क्रांती म्हणजे प्राध्यापक-लेखकांचा छळ, असं आपण वाचत आलो. पण अँड्र्यू वॉल्डर आणि यांग सू यांनी जिल्हावार इतिहास चाळून ग्रामीण चीनमधल्या मृत्यूंचा अंदाज साडेसात ते पंधरा लाख असा काढला.

गडचिरोलीचे आकडे त्यापुढे लहान आहेत, पण रीत तीच. पोलिसांच्या नोंदींनुसार या चार दशकांत माओवाद्यांनी पाचशेहून अधिक सामान्य नागरिक मारले, म्हणजे मारलेल्या पोलिसांपेक्षा कितीतरी जास्त. पोलिसपाटील, सरपंच, शेतकरी यांना रात्री घरातून उचलायचं, ‘खबऱ्या’ ठरवायचं आणि सकाळी प्रेताशेजारी पत्रक टाकायचं, ही पद्धत ठरून गेली होती. माओवाद्यांची जनअदालत भरली तरी तिथे ना वकील ना अपील. 1990मध्ये उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या सी-60 पथकातले जवानही बरेचसे इथलेच माडिया-गोंड, आणि दलमात खालच्या फळीत बंदूक धरणारी मुलंही त्याच पाड्यांतली. वरचे बहुतेक नेते मात्र तेलुगू मुलखातले. दोन्ही बाजूंनी पडणारा देह आदिवासीचाच, मग ही लढाई ‘आदिवासी विरुद्ध सरकार’ म्हणायची कशी?

यावर हमखास येणारा आक्षेप असा की दलमं नसती तर तेंदूपत्त्याला आणि बांबूतोडीला भाव मिळाला नसता, जंगलखात्याची दांडगाई थांबली नसती. सुरुवातीच्या वर्षांपुरतं हे खरं आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पण पुढे त्याच ठेकेदारांकडून खंडणी सुरू झाली आणि भाव ठरवायचा हक्क मजुराकडे आलाच नाही. तो आला ग्रामसभांना अधिकार देणारा 1996चा पेसा आणि 2006चा वनहक्क कायदा यांतून. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावानं 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, 2011मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि गाव आपला बांबू स्वतः विकू लागलं. त्यासाठी एक गोळी झाडावी लागली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हिंसा सरकारनंही केली. केलीच. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात कितीतरी आदिवासी तुरुंगात सडले, आणि 2018च्या कसनासूर चकमकीत गट्टेपल्लीतल्या ज्या मुलांचा जीव गेला ती नक्षलवादी नव्हती, असं गावकरी सांगत राहिले. पण बंदुकीनं ही हिंसा रोखली की वाढवली? सूरजागडच्या लोहखाणीचं उदाहरण घ्या. 2016च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथे ऐंशीच्या आसपास वाहनं जाळली. खाण बंद पडली का? 2021नंतर तर ती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. उलट 2023मध्ये त्याच भागातल्या तोडगट्ट्याला ग्रामसभांनी खाणींविरुद्ध आठ महिने शांतपणे ठिय्या दिला, तेव्हा त्यांच्यावर पहिला शिक्का बसला तो नक्षलसमर्थक असल्याचा. माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती साठ सहकाऱ्यांसह ऑक्टोबर 2025मध्ये शरण आला, शस्त्रं जमा झाली. तो शिक्का मात्र अजून ग्रामसभांच्याच कपाळी आहे.