विंचना अडवण्यासाठी रचलेला डाव

हॅरॉल्ड विंच यांच्या पक्षाला सत्तेजवळ फिरकू द्यायचं नाही, या एका मुद्द्यावर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह हे हाडवैरी दहा वर्षं एकत्र नांदले. 1941 मध्ये विंच यांच्या समाजवादी 'सीसीएफ'ला सर्वांत जास्त मतं पडली, पण जागा आल्या 14. लिबरलांच्या 21 होत्या. मुख्यमंत्री पटुलो यांना आघाडी नको होती, तर त्यांच्याच पक्षाने त्यांना बाजूला सारलं.

विंच इंग्लंडात जन्मले, लहानपणी कॅनडात आले, पेशाने इलेक्ट्रिशियन. 1933 मध्ये ते आणि त्यांचे वडील अर्नेस्ट एकाच वेळी आमदार झाले. 1938 मध्ये बेकारांनी व्हँकुव्हरचं पोस्ट ऑफिस आणि कलादालन महिनाभर ताब्यात ठेवलं होतं. पोस्टातले बेकार अश्रुधूर आणि लाठ्या खात बाहेर पडले. कलादालनातल्यांची मोठी मारहाण टळली, कारण विंच मध्ये पडले होते.

विंचना अडवण्याच्या डावाची खरी कसोटी 1952 च्या निवडणुकीत लागली. आपल्या विधान परिषदेला असते तशी पसंतीक्रमाची पद्धत आघाडी सरकारने आणली होती. हिशेब असा, की लिबरल मतदार दुसरी पसंती कॉन्झर्व्हेटिव्हला देईल, कॉन्झर्व्हेटिव्ह मतदार लिबरलला देईल आणि विंच आपोआप बाहेर राहतील. लोकांनी दुसरी पसंती दिली ती भलत्यालाच, नवख्या सोशल क्रेडिटला! मतमोजणी आठवडेच्या आठवडे चालली. निकाल लागला तेव्हा मुख्यमंत्री जॉन्सन स्वतः पडले होते आणि कॉन्झर्व्हेटिव्ह नेते अँस्कॉमही. सोशल क्रेडिट 19, सीसीएफ 18. म्हणजे विंच एका जागेने हुकले.

तरी ते नायब राज्यपाल क्लॅरेन्स वॉलेस यांच्याकडे दावा घेऊन गेले. पारडं फिरलं मजूर पक्षाच्या एकांड्या आमदारामुळे. फर्नीच्या खाणभागातून वर्षानुवर्षं निवडून येणारे टॉम अपहिल, तेही इंग्लंडातूनच आलेले. त्यांचा पाठिंबा सोशल क्रेडिटचे नेते बेनेट यांनी मिळवला आणि सरकार त्यांचं बनलं. हे बेनेट आधी आघाडीच्याच बाकांवर बसत.

1953 च्या मार्चमध्ये बेनेट सरकार शिक्षणखर्चाच्या विधेयकावर पडलं. विंच पुन्हा वॉलेस यांच्याकडे गेले. निवडणूक नको, मला सरकार बनवू द्या, म्हणाले. नकार मिळाला. त्यांनी पक्षाचं प्रांतातलं नेतृत्वच सोडलं आणि ते ओटावाच्या संसदेत गेले.

मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतलं 1947 साल सर्वांत मोठं वाटतं. लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी शिखांना आणि चिनी मजुरांना त्या प्रांतात मत नव्हतं. ते मिळावं म्हणून सीसीएफ 1930 च्या दशकापासून भांडत होती आणि निवडणुकांत त्याची किंमत मोजत होती. विंच विरोधी बाकांवर असताना आघाडी सरकारला तो हक्क द्यावा लागला. इंग्लंडातून आलेल्याला जे सहज मिळालं, ते पंजाबातून आलेल्याला मिळायला एवढी वर्षं लागली, आणि जपानी वंशाच्या लोकांना तर 1949 पर्यंत थांबावं लागलं.